विमानाला फाळका

लग्नानंतर आठवडाभरातच सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून एकच गोष्ट बजावली होती. "क्रांती, आमच्यात कुणाला 'जरा' म्हणून काम सांगू नगंस. जरा म्हटलं की हितल्या माणसांचा हात सुटतोय, एकाचं चार करत्यात." मी मान हलवली आणि सोडून दिलं. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. 'जरा' म्हणजे किती हे ज्याचं त्याला समजतं, असा माझा समज होता.

आमच्या यांनी, म्हणजे राजवर्धन यांनी, चार वर्षं खपून एक विमान बनवलं आहे. शिरोली एमआयडीसीत यांचं पंपांचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप आहे. दिवसभर लोकांचे पंप आणि उरलेल्या वेळात स्वतःचं विमान. परदेशातून नकाशे मागवले, अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जोडल्या, त्यावर कापड ताणलं, पुढं इंजिन लावलं. एकाच माणसाची जागा आहे. बाकीच्यांनी खाली उभं राहून काळजी करायची. ते काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे, आणि अडीच वर्षांपूर्वी मोना झाल्यापासून तर मी ते पूर्णवेळ करते.

रीतसर शिकायला राजवर्धन एका फ्लाइंग क्लबात जाऊन आले होते. कागदपत्रं झाली, आणि आक्कांनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, बिद्रीजवळचं त्यांचं एक पडीक रान धावपट्टीसाठी दिलं. चारशे मीटर लांब. एका टोकाला शेजाऱ्याचा दीड पुरुष उंच ऊस. दुसऱ्या टोकाला विहीर. विहिरीला कठडा नाही.

पहिल्या दिवशी विमान उडालं, रानावर एक फेरी मारली, उसावरून खाली आलं, आणि मग काही केल्या टेकेना. आमच्याकडे पाहुणा 'येतो बरं का' म्हणून उठतो आणि दारात अर्धा तास बोलत उभा राहतो, तसं ते जमिनीपासून हातभर वर तरंगत राहिलं. शेवटी टेकलं, गडगडत गेलं आणि विहिरीच्या अलीकडे थांबलं. मी मोनाला कडेवर घेऊन चालत जाऊन अंतर मोजलं. बारा पावलं. तीही माझी, म्हणजे लहान.

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. राजवर्धन मात्र तीन भाकरी जेवले. विहीर बुजवा म्हटलं तर आक्कांचा ऊस तिच्याच पाण्यावर. उलट्या बाजूनं या म्हटलं तर विहिरीच्या पलीकडे विजेच्या तारा. उसाच्या बाजूनं धावपट्टी वाढवा म्हटलं तर तो शेजारी म्हणजे आक्कांच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, आणि त्यांच्यात बांधावरून तिसरी पिढी बोलणं नाही.

उपाय काढला गणपतरावांनी. हे हवाई दलातून निवृत्त झालेले, तीस वर्षं विमानांची देखभाल केलेले गृहस्थ. यांचे गुरू. ते म्हणाले, विमान हलकं आहे, पंख लांब आहेत, त्याला खाली यायचं कारणच नाही, ते आपण द्यायला पाहिजे. बगळा बांधावर उतरताना पंख कसे मागून खाली वाकवतो? तसं पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर एकेक फळी बसवायची. उतरताना दांडा ओढला की फळ्या खाली वाकतात, वारा अडतो, विमानाचा वेग मोडतो. त्याला फ्लॅप म्हणतात.

मी त्याच दिवशी जाहीर केलं, की फ्लॅप बसल्याशिवाय या घरातलं कुणी उडणार नाही. राजवर्धन यांनी वाद घातला नाही. रविवारभर बसून कागदावर आकृती काढली. फळी चोवीस सेंटीमीटर रुंद, पातळ पत्र्याची, दोन्ही मिळून वजन सहा किलो. मग त्यांना एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात पंप बसवायला अठरा दिवस कोइंबतूरला जावं लागलं. जाताना तो कागद त्यांनी शेजारच्या शेडमधल्या दादासो मिस्त्रींकडे दिला. मिस्त्रींचा हात चांगला, वेल्डिंग तर देखणं. चाळीस वर्षं ते उसाच्या ट्रॉल्या बनवतात.

दुसऱ्या दिवशी मी मोनाला घेऊन शेडमध्ये गेले. सहज, काम सुरू झालं का बघायला. कागद टेबलावर नटबोल्टांखाली दाबून ठेवला होता. मी तो वाचला आणि मला घाम फुटला. सगळं गणित वारा समोरून, गवत कोरडं आणि माणूस ताजातवाना आहे असं धरून केलं होतं. वारा मागून आला तर? दव पडलं असेल तर? आदल्या रात्री मोनानं यांना झोपू दिलं नसेल तर? मी मिस्त्रींच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि चोवीसचे छत्तीस केले. वर म्हणाले, "मिस्त्री, जरा दणकट करा हं."

मिस्त्रींनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"म्हंजे फाळकाच की ह्यो, वैनी."

फाळका म्हणजे ट्रॉलीची मागची उघडणारी फळी. मी म्हटलं, तसंच काहीसं.

"मग तुम्ही काळजीच करू नगासा. एकवेळ इमान मोडंल, पर फाळका मोडायचा न्हाय."

मला त्या वाक्यानं फार धीर आला होता. इतका, की घरी येऊन मी ते सासूबाईंनाही सांगितलं.

पुढचे अठरा दिवस मी एक दिवसाआड शेडमध्ये जात होते, आणि दर वेळी मिस्त्री मला एक शहाणपणाची गोष्ट सांगत होते. कागदावरचा पत्रा बोटानं दाबला तरी चेपतो, म्हणून त्यांनी तिप्पट जाड घेतला. मला पटलं. जाड पत्र्याला नाजूक बिजागऱ्या टिकणार नाहीत, म्हणून ट्रॉलीच्या फाळक्याच्या लावल्या, एका बाजूला सहा. तेही पटलं. एवढा फाळका ओढायला दांडा पण तसाच पाहिजे, म्हणून ट्रॅक्टरचा हँडब्रेक आणला. आता मागच्या बाजूला एवढं वजन झाल्यावर विमान शेपटीवर बसायला लागलं. मग नाकात वजन टाकायला हवं. शेजारच्या फाउंड्रीवाल्याला मिस्त्रींनी पाच किलोचा ठोकळा ओतायला सांगितला. त्यानं, विमानाचं काम आहे म्हणून, अकराचा ओतला. त्या ठोकळ्यानं पुढचं चाक दबलं, म्हणून स्कूटरचं चाक घातलं. ते तर मीच सुचवलं. स्कूटरचं चाक आपण रोज बघतो, खात्रीचं असतं.

या सगळ्यात सासूबाई मागं राहिल्या नाहीत. त्या एकदा माझ्याबरोबर आल्या आणि पिशवीतून घोड्याचे दोन नाल काढले. नव्या गाडीला नाल लावायची आमच्याकडे रीतच आहे. पंख दोन म्हणून नाल दोन. मिस्त्रींनी ते फाळक्यांच्या आतल्या बाजूला असे बसवले, की विमान बदलेल पण नाल हलणार नाहीत. शेवटी पेंटर आला. त्यानं सवयीनं मागच्या कडेला तांबड्या रिफ्लेक्टर पट्ट्या चिकटवल्या. ऊस-हंगामात पट्ट्या नसल्या तर पोलीस अडवतात, म्हणाला. वर कुठले पोलीस, असं मी विचारणार होते. मग वाटलं, असू देत. दिसलेलं बरं.

राजवर्धन परत आले ते थेट शेडमध्येच. विमानाभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. आत बसून दांडा ओढला. खडाङ् असा आवाज होऊन दोन्ही फाळके एकदम खाली आले आणि शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"मजबूत झालंय," ते म्हणाले. मिस्त्रींनी ते कौतुक समजून घेतलं. मीही.

रविवारी सकाळी सगळे रानात जमलो. गणपतराव वही घेऊन, मिस्त्री नवा शर्ट घालून, सासूबाई लिंबू घेऊन. राजवर्धन यांनी इंजिन पूर्ण ताकदीनं सोडलं. विमान पळत निघालं. धावपट्टीच्या मध्यावर गणपतरावांनी तांबडं निशाण रोवलं होतं. तिथवर चाकं उचलली नाहीत तर थांबायचं असं ठरलेलं. निशाण आलं, गेलं. चाकं जमिनीवरच. राजवर्धन यांनी दांडा ओढला, खडाङ् झालं, आणि विमान विहिरीपासून शंभर पावलांवर थांबलं.

मी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी विमानावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मिस्त्री म्हणाले, "बगा साहेब, कसं धरलं."

"धरलं," राजवर्धन म्हणाले. "सोडलं असतं तर धरायचं की."

असं तीनदा झालं. विमान धूळ उडवत जायचं आणि गुणी बैलासारखं थांबायचं. माझ्या मते ते जिल्ह्यातलं सर्वांत सुरक्षित विमान झालं होतं. फक्त ते जमीन सोडायला तयार नव्हतं. गणपतरावांनी वहीत एक ओळ लिहिली आणि काटे आणायला सांगितले.

काटे आले शाहूपुरीतून, एका गूळ अडत्याकडून. गुळाच्या ढेपा तोलायचे तीन सपाट काटे. एकेका चाकाखाली एकेक ठेवून गणपतरावांनी आकडे लिहिले आणि मोठ्यानं वाचले. सगळं मिळून, म्हणजे विमान, पेट्रोल आणि माणूस, दोनशे सत्तर किलोच्या वर जाता कामा नये. नुसतं विमान आधी एकशे अठ्ठावन्न होतं. आता ते दोनशे एक भरत होतं.

"त्रेचाळीस किलो," राजवर्धन म्हणाले. "मी सहा म्हटलं होतं. त्रेचाळीस कसलं?"

मग एकेक जण बोलायला लागला. मिस्त्री पत्र्याचं बोलले आणि बिजागऱ्यांचं बोलले. नाकातल्या ठोकळ्याचा दोष फाउंड्रीवाल्यावर गेला, तो तिथं नव्हता म्हणून. सासूबाई म्हणाल्या, माझं फक्त एक किलो हाय, तेबी देवाचं. राजवर्धन टेप घेऊन फाळक्याची रुंदी मोजत होते. त्यांनी ती दोनदा मोजली.

"छत्तीस कुणी केलं?"

मिस्त्रींनी आभाळाकडे पाहिलं. मी मोनाच्या टोपीची नाडी बांधायला घेतली, ती बांधलेलीच होती.

"मी केलं," म्हटलं. "वारा मागून आला तर म्हणून."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्यात ओरडून झालं की माणूस मोकळा होतो. पण हे शांतपणे टेप गुंडाळत म्हणाले, "जाऊ दे. काढून टाकतो हे सगळं. पहिलं होतं तसंच उडवतो. तेव्हा तरी कुठं पडलो? बारा पावलं राहिलीच होती की."

गेले दोन महिने मी जे होऊ नये म्हणून धडपडत होते, ते माझ्याच पेन्सिलीनं ओढून आणलं होतं. मी म्हटलं, काढू नका, हलकं करून परत बसवा. मिस्त्री म्हणाले, आता ट्रॉल्यांच्या ऑर्डरी हाईत, तीन म्हैने तरी हात लागायचा न्हाय. राजवर्धन म्हणाले, तीन महिने मी थांबत नाही.

गणपतराव वहीत आकडेमोड करत होते. ते म्हणाले, काढायची घाई करू नका. छत्तीस बरोबर की चोवीस, हे हवेत गेल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. नवे हलके फ्लॅप करायचे तरी माप कुठलं घ्यायचं? ह्या फाळक्यानं एकदा उडून, टेकून बघितलं पाहिजे. पेट्रोल धरून दोनशे तेरा होतात. माणसाला सत्तावन्न किलो उरतात.

राजवर्धन अठ्ठ्याऐंशी किलोचे आहेत. ते काट्याकडे गेलेच नाहीत. मिस्त्री उत्साहानं चढले, एकोणऐंशी. गणपतराव स्वतः चढले, चौसष्ट. शिवाय त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. सासूबाई, 'बगू तरी' म्हणून चढल्या आणि आकडा दिसायच्या आत उतरल्या. मग सगळे एकेक करून माझ्याकडे बघायला लागले.

मी मोनाला सासूबाईंकडे दिलं आणि काट्यावर उभी राहिले. साडेएक्कावन्न.

राजवर्धन यांना हसू आलं. "ही? ही जत्रेत पाळण्यात बसत नाही."

ते खरं आहे. मी घरातल्या सगळ्या सॉकेटना टोप्या बसवल्या आहेत आणि गच्चीच्या दाराला दोन कड्या आहेत. पण बारा पावलं मी मोजली होती, त्यांनी नाही. मी म्हटलं, "मी बसते."

"अगं, तुला येतंय काय त्यातलं?"

यावर गणपतराव बोलले. त्यांनी वही मिटली आणि मला विचारलं, टेकताना वेग किती? मी सांगितला. इंजिन बंद पडलं तर नाक कुठं? सांगितलं. हे क्लबात शिकायला लागले तेव्हापासून पुस्तक आणि उड्डाणाआधीची यादी यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं, आणि यांचं लक्ष नसतं म्हणून मीच ते सगळं पाठ केलं होतं. गणपतराव राजवर्धन यांना म्हणाले, "पुस्तकाचं तुमच्यापेक्षा जास्त येतंय. हाताचं शिकवू या."

मग मे महिन्यात मोनाला सासूबाईंपाशी ठेवून मी त्याच फ्लाइंग क्लबात गेले. पहिले दोन दिवस मला फक्त उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, बाई, तुम्ही फार सावध आहात, ही तक्रार नाही. परत आल्यावर कागदपत्रांत माझं नाव चढलं, आणि चार रविवार गणपतरावांनी मला फाळक्याचं विमान नुसतं जमिनीवर पळवायला लावलं.

पाचव्या रविवारी त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "आज सोडा."

मी यादी मोठ्यानं म्हटली. पट्टा तीनदा ओढला. इंजिन सोडलं. निशाण यायच्या कितीतरी आधी चाकांचा खडखड आवाज बंद झाला, आणि मला वाटलं काहीतरी तुटलं. काही तुटलं नव्हतं. मी वर होते. एक फेरी मारली. खाली ऊस, विहीर, आणि विहिरीच्या काठाशी राजवर्धन, मोनाला कडेवर घेऊन. विहिरीच्या किती जवळ उभे होते ते वरून नीट दिसत होतं. मी ओरडले, पण इंजिनापुढं काय ऐकू जाणार?

उसावरून खाली आले आणि दांडा ओढला. खडाङ्. विमान जे खाली बसलं, ते म्हैस सावलीत बसावी तसं, परत उठायचा विचारच नाही. थांबले तेव्हा तांबडं निशाण अजून माझ्या पुढंच होतं. विहीर तर कुठल्या कुठं.

राजवर्धन धावत आले. टोपी वाटेत पडली होती, चेहरा पांढराफटक होता. मला वाटलं, छत्तीस बरोबर निघाले याबद्दल बोलतील.

"लागलं का कुठं?" त्यांनी विचारलं. मग, "पाणी पितेस?" मग, "आता परत नको, क्रांती. झालं की बघून."

गणपतराव मागून आले आणि म्हणाले, एका उडीवर माप ठरत नाही. निदान दहा तरी पाहिजेत. वारा मागून असतानाच्याही पाहिजेत. वाऱ्याचं मीच काढलं होतं, त्यामुळं मला नाही म्हणता येईना. आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं.

आता मिस्त्री नवे हलके फाळके बनवायला घेतील तेव्हा घेतील. तोवर दर रविवारी मी उडते. यांचं मात्र काही खरं नाही. शनिवारी रात्रीचं जेवण यांना जात नाही. सकाळी माझा पट्टा हे चारदा ओढून बघतात. विहिरीला स्वतः तारेचं कुंपण घातलं, वर मासे धरायचं जाळं पसरलं. परवा गणपतरावांनी काटा परत करायच्या आधी यांना त्यावर उभं केलं, तर अठ्ठ्याऐंशीचे एकोणऐंशी झाले होते. सासूबाई म्हणतात, अजून बावीस उतरला की त्योच बसंल इमानात. मला तसलं काही ऐकवत नाही.

तेव्हा रविवारी सकाळी तुमचं बिद्रीच्या बाजूला येणं झालं, आणि वर तांबड्या पट्ट्यांचं विमान दिसलं, तर माझ्याकडे बघत थांबू नका, मला फ्लॅप आहेत. रानाच्या टोकाला विहिरीच्या कुंपणापाशी उन्हात एक माणूस मान वर करून उभा असेल. त्याच्यापाशी जा. काही खाल्लंय का ते विचारा, आणि खाल्लं म्हणाला तर काय खाल्लं तेही विचारा. हाताला धरून बांधावरच्या सावलीत बसवा. मला वरून तो दिसतो, पण हाक पोचत नाही.